गारठा, गारा आणि उचल



शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांतील थंडीची गणना कोणी आपत्तीत करीत नाही. माळशेज, नाणेघाट आणि कसारा येथील खिंडींतून उतरणारा वारा पौष-माघात सह्याद्रीच्या पायथ्याशी झोंबतो हे खरे. परंतु येथे पारा शून्याच्या जवळपासही जात नाही, पाणी गोठत नाही, हिम पडत नाही. म्हणून सरकारी दप्तरात या थंडीला जागा नाही. दुष्काळाची पैसेवारी काढतात, पुराचे पंचनामे होतात. थंडीचा पंचनामा होत नाही. मात्र माणसाला लागणारा गारठा केवळ पाऱ्यावर मोजता येत नाही. अंगावर काय आहे, पोटात काय आहे आणि हात कोणत्या कामात गुंतले आहेत, या तिन्ही गोष्टी मिळून तो ठरतो. रात्री दोन-तीन वाजता उठून कोपरापर्यंतचे हात ओल्या गाऱ्यात घालणाऱ्या स्त्रीला थंडी किती लागते, हे सांगणारे यंत्र अजून कोणत्याही वेधशाळेत बसवलेले नाही.

ही स्त्री बहुधा कातकरी समाजाची असते. खैराच्या झाडापासून कात काढणारे ते कातकरी. महाराष्ट्रातील ज्या तीन जमाती केंद्र शासनाने विशेष असुरक्षित आदिवासी समूह म्हणून मान्य केल्या आहेत, त्यांत कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कातकऱ्यांचे नाव आहे. जंगल सरकारी झाले, काताचा धंदा गेला, मुंबईला कोळसा पुरवण्याची कोळसाभट्टीची मजुरीही संपली. आणि ज्यांच्या नावावर जमिनीचा तुकडा नव्हता त्यांच्या हाती उरली ती वीटभट्टी. भाताची कापणी-झोडणी आटोपली की दिवाळीनंतर शहापूर-मुरबाडच्या वाड्या रिकाम्या होऊ लागतात. टेम्पोत चूल, हंडे, गोधड्या, कोंबड्या आणि पोरे भरली जातात. भिवंडी, कल्याण, वसई, पनवेल या बाजूंच्या भट्ट्यांवर, काही वेळा स्वतःच्याच तालुक्यातील भट्टीवर, बिऱ्हाड पडते. ते उठते पाऊस तोंडावर आला म्हणजेच.

वीट हा हिवाळ्या-उन्हाळ्याचा धंदा आहे, कारण कच्ची वीट पावसात टिकत नाही. आदल्या संध्याकाळी माती भिजवून, तुडवून गारा तयार ठेवायचा. पहाटेच्या पुष्कळ आधी उठून तो साच्यात भरायचा, साचा उपडा करायचा, ओळीने विटा मांडत जायचे. थापलेल्या विटेला दिवसभराचे ऊन मिळावे आणि थापणीचे काम भर उन्हात पडू नये, असा यामागचा हिशेब. धंद्याच्या दृष्टीने तो बिनचूक आहे. माणसाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की, रात्रीतील सर्वांत थंड प्रहर हाच कामाचा प्रहर ठरतो. हात ओले, पाय ओले, वारा उघडा. बोटांची पेरे फुटतात, टाचांना भेगा पडतात, आणि त्या भेगांत पुन्हा तोच गारा शिरतो. मोजदाद नगावर असल्याने थांबून शेकोटीजवळ बसले तर मजुरी बुडते. ज्या भट्टीत हजारो विटा भाजल्या जातात, तिच्यापासून काही पावलांवर त्या थापणारी माणसे कुडकुडत असतात.

राहायला भोंगा असतो. कच्च्या विटा एकमेकींवर रचून उभारलेल्या भिंती, वर पेंढा किंवा प्लॅस्टिकचा कागद, आणि आत वाकून शिरावे लागेल एवढी उंची. विटांच्या फटींतून वारा येतो, चुलीचा धूर मात्र बाहेर जात नाही. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हशाची मोठी जत्रा भरते. बैलबाजाराइतकाच तेथील घोंगड्यांचा बाजारही प्रसिद्ध आहे. ऐन थंडीत, ऐन गरजेच्या वेळी, घोंगडी त्यांच्याच तालुक्यात विकायला येते. पण घेणारा भट्टीवर अडकलेला असतो आणि त्याच्या हाती रोख पैसा नसतो. आठवड्याला मिळते ती खावटी, म्हणजे तांदूळ-मीठ-मिरचीपुरते पैसे. मजुरीचा हिशेब हंगाम संपल्यावर.

तेव्हा थंडीचा प्रश्न कांबळे वाटून सुटेल काय? सेवाभावी मंडळी दर हिवाळ्यात भट्ट्यांवर ब्लँकेटे वाटतात. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही, आणि कुडकुडणाऱ्या पोरासमोर तत्त्वचर्चा करणाऱ्यापेक्षा ब्लँकेट देणारा केव्हाही बरा. परंतु समाजवादी कार्यकर्त्याने विचारायचा प्रश्न वेगळा आहे. हा माणूस तीन वाजता उठायला नाही का म्हणू शकत नाही? अंगात ताप असताना, बाळंतपणाला पंधरवडा उलटला नसताना, 'आज काम नाही' असे म्हणण्याची सोय त्याला किंवा तिला का नाही?

याचे उत्तर हिवाळ्यात नाही, पावसाळ्यात आहे. आषाढ-श्रावणात लावणीचे दिवस सरले की मजुरी आटते. घरातले तांदूळ संपलेले असतात, पोर आजारी पडते, आणि सणही तोंडावर आलेले असतात. त्याच वेळी मुकादम वाडीत येतो आणि उचल देतो. घेतलेली रक्कम थोडी असते, पण तिच्यापोटी नवरा, बायको आणि हाताशी आलेली पोरे असे सगळे कुटुंब येत्या हंगामासाठी बांधले जाते. वहीवर नाव मात्र एकट्या पुरुषाचे. बाई रात्रीपासून गारा उचलते, विटा थापते, स्वयंपाकही करते. पण मजूर म्हणून तिची नोंद कोठेच नसते. हंगामाअखेर हिशेब होतो तेव्हा वही मालकाची, मोजणी मालकाची आणि अंगठा मजुराचा. फुटलेल्या विटा वजा होतात. अवकाळी पाऊस आला तर भिजलेल्या विटाही वजा होतात. डिसेंबर २०२१ च्या आरंभी ठाणे-पालघर भागात असाच पाऊस झाला आणि थापून ठेवलेल्या कच्च्या विटांचा चिखल झाला. मालकाचा माल गेला हे खरेच. पण ज्या रात्री त्या विटा थापल्या त्या रात्रीचा गारठा कोणाचा गेला? फिटता फिटले नाही ते कर्ज पुढच्या हंगामावर जाते, आणि पुढच्या दिवाळीचा टेम्पो आधीच ठरलेला असतो.

या व्यवहाराला कायद्यात नाव आहे. वेठबिगार पद्धती नष्ट करणारा वटहुकूम ऑक्टोबर १९७५ मध्ये निघाला आणि १९७६ साली त्याचा कायदा झाला. आगाऊ रकमेपोटी ज्याचे दुसरीकडे काम करण्याचे, हिंडण्या-फिरण्याचे किंवा बाजारभावाने आपले श्रम विकण्याचे स्वातंत्र्य गेले, तो या कायद्याप्रमाणे वेठबिगार. त्याचे कर्ज कायद्यानेच संपुष्टात येते. कर्ज वेठबिगारीचे नव्हते हे शाबीत करण्याचा भार कलम १५ अन्वये धनकोवर आहे, मजुरावर नाही. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांसंबंधी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले: भूक आणि दारिद्र्य यांची सक्ती हीही सक्तीच होय, आणि किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात घेतलेले काम संविधानाच्या २३ व्या कलमाखाली वेठच ठरते. ठाणे जिल्ह्याला हे शब्द पुस्तकी वाटण्याचे कारण नाही. १९४५ साली टिटवाळ्याच्या किसान परिषदेनंतर गोदावरी परुळेकरांनी डहाणू-उंबरगावच्या वारल्यांमध्ये लग्नगड्यांच्या मुक्तीचा लढा उभा केला. १९८० च्या दशकात वसई तालुक्यात विवेक पंडित आणि श्रमजीवी संघटनेने १९७६ च्या कायद्याचाच आधार घेऊन वेठबिगार सोडवले. लग्नाचे कर्ज आणि वीटभट्टीची उचल यांत साल बदलले, हिशेबाची रीत बदलली नाही.

यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की, ही माणसे आपखुशीने जातात. ज्याच्यापुढे दोन वाटा आहेत त्याची खुशी समजू शकते. ज्याच्यापुढे एकच वाट आहे त्याच्या होकाराला खुशी म्हणणे ही भाषेची चैन झाली. दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. पुष्कळसे भट्टीवाले स्वतः लहान शेतकरी आहेत, कर्ज काढून भट्टी लावतात, आणि उचल घेऊन मजूर पळाला तर तेही बुडतात. यात तथ्य आहे, ते नाकारू नये. पण धंद्यातील जोखीम भांडवलाने घ्यायची असते. ती खाली सरकत सरकत ज्याच्या अंगावर पांघरूणही नाही त्याच्याच अंगावर पडत असेल, तर दोष एका मालकाच्या स्वभावाचा नसून व्यवस्थेचा आहे, आणि लढाही तिच्याशीच आहे.

शासनाची दृष्टी या स्थलांतराला पोहोचत नाही, कारण ते फार जवळचे आहे. १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी होता. २०२० च्या संहितेनेही व्याख्या तेवढ्यापुरतीच ठेवली. मुरबाडहून भिवंडीला गेलेला कातकरी एकाच जिल्ह्यात राहिल्याने कायद्याच्या लेखी स्थलांतरितच नाही. आदिम जमातींसाठी केंद्राने नवी योजना जाहीर केली ती १५ नोव्हेंबर २०२३ रोजी, बिरसा मुंडांच्या जयंतीदिनी. दिवस आदराचा, पण नेमक्या याच सुमारास वाड्यांना कड्या लागतात. घरोघर जाऊन यादी करणाऱ्याला दारात कोण भेटणार? आदिवासींच्या पावसाळ्यातील उपासमारीसाठी राज्याने १९७८ साली खावटी कर्ज योजना काढली होती. ती २०१३ नंतर बंद पडली आणि २०२० मध्ये कुटुंबामागे चार हजार रुपयांचे अनुदान म्हणून एका वर्षापुरती परतली. सरकारची खावटी थांबली म्हणून भूक थांबत नाही. भट्टीवाल्याची खावटी मात्र वेळेवर वाडीत पोहोचते.

याच मुरबाड तालुक्यात, सिद्धगडच्या रानात, २ जानेवारी १९४३ च्या पहाटे विठ्ठलराव तथा भाई कोतवाल आणि हिराजी पाटील ब्रिटिश पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. दरवर्षी त्या पहाटे कडाक्याच्या थंडीत लोक सिद्धगडला जमतात. भाई कोतवालांचा आझाद दस्ता आणि त्यांनी पाडलेले विजेचे मनोरे सर्वांना आठवतात. त्याआधी त्यांनी कर्जत भागात गरीब शेतकऱ्यांना सावकाराच्या दाराशी जावे लागू नये म्हणून धान्यकोठी चालवली होती, हे मात्र थोड्यांनाच आठवते. वीटभट्टीच्या प्रश्नाचे मूळ त्यांनी त्या काळी बरोबर ओळखले होते: आषाढात घरात धान्य असेल तर माणूस स्वतःला विकत नाही.

तेव्हा कामाचे टप्पे स्पष्ट आहेत. आषाढापूर्वी वाडीवाडीत धान्यकोठी उभी करणे, आणि बंद पडलेली खावटी पावसाळ्याच्या आत मिळावी म्हणून प्रकल्प कार्यालयावर धडक देणे. दिवाळीपूर्वी कोणते कुटुंब कोणत्या भट्टीवर, किती उचल घेऊन चालले आहे याची यादी करणे, आणि नवरा-बायको दोघांच्या नावे स्वतंत्र हिशेबवही देऊन ती रोज भरायला शिकवणे. भट्टीवर शिधापत्रिकेचे धान्य, अंगणवाडीचा आहार आणि पोरांची शाळा मिळवून देणे. विधायक संसदेने भोंगा शाळा चालवून हे होऊ शकते असे दाखवले आहे. जेथे मजुराला सोडले जात नाही तेथे तहसीलदारापुढे अर्ज, मुक्तीचा दाखला आणि पुनर्वसन यांचा पाठपुरावा करणे. दक्षता समित्या कायद्याने जिल्हा आणि उपविभाग या दोन्ही पातळ्यांवर असायला हव्यात. त्यांची बैठक शेवटची कधी झाली हा प्रश्न प्रत्येक प्रांत कार्यालयात विचारलाच पाहिजे.

आणि भट्टीला भेट द्यायची तर दुपारी देऊ नये. दुपारी तेथे ऊन असते, वाळणाऱ्या विटांच्या रांगा असतात, सगळे सुरळीत दिसते. पौषातल्या रात्री तीन वाजता, अंगावरची शाल काढून, गाऱ्यात हात घालावा. मग वेठबिगारी म्हणजे काय हे सांगण्यासाठी कायद्याचे कलम वाचून दाखवावे लागणार नाही.