कृपेच्या दारीं रिते हात
(महोत्सवाच्या सभेंत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या पूर्वजांच्या कष्टांचें व दात्यांच्या औदार्याचें वर्णन आज आपण मनोभावें ऐकिलें. तें योग्यच होय. परंतु अशा मंगल समयीं एक सूक्ष्म मोह मनांत शिरतो : आम्हीं देवासाठीं इतकें केलें, तेव्हां स्वर्गावर आमचा हक्क झाला! या मोहाविषयीं दोन शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

आपल्या मंदिरांतील बाप्तिस्म्याच्या कुंडाकडे पाहा. आपण बहुतेक जण त्या कुंडापाशीं स्वतःच्या पायांनीं चालत आलों नाहीं. दुसऱ्याच्या हातांवर आलों. तेव्हां आपल्या गांठीं कोणतें पुण्य होतें? उपवास नव्हता, दानधर्म नव्हता, एक शब्दही उच्चारतां येत नव्हता. आपला विश्वासही आपल्या वतीनें इतरांनींच प्रकट केला. तरी देवानें आपणांस स्वतःचीं लेंकरें मानिलें.

मग थोरांचें काय? संत ऑगस्टीन यांचा जन्म इ. स. ३५४ मध्यें उत्तर आफ्रिकेंत झाला. वक्तृत्वांत त्यांचा हात धरणारे थोडे होते. परंतु स्वतःच्या वासनांपुढें ती सारी विद्वत्ता हतबल ठरली. सुटण्याचा निश्चय करावा आणि पुन्हां त्याच बेडींत पडावें, असें वर्षानुवर्षें चाललें. अखेर इ. स. ३८७ च्या पुनरुत्थानाच्या सणास मिलान येथें संत अँब्रोज यांच्या हस्तें त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो विद्वानही कुंडापाशीं तान्ह्या बाळाइतक्याच रित्या हातांनीं आला होता. म्हणूनच, मनुष्य स्वतःच्या इच्छाबलानें निष्पाप होऊं शकतो असें पेलागियस शिकवूं लागला, तेव्हां त्या मताचा ऑगस्टीन यांनीं अखेरपर्यंत प्रतिकार केला.

ट्रेंटच्या धर्मपरिषदेनेंही १५४७ सालीं स्पष्ट सांगितलें कीं, नीतिमान ठरण्यापूर्वींचा आपला विश्वास काय किंवा आपलीं कृत्यें काय, कशानेंही त्या कृपेचें मोल चुकवितां येत नाहीं. देव हात पुढें करितो; तो धरणें आपणांकडे आहे; पण धरण्याचें बळही त्याच्याच कृपेचें.

मग सत्कर्में व्यर्थ काय? मुळींच नाहींत. तारण हें दान आहे असें एफेसकरांस सांगून संत पौल लागलीच म्हणतात कीं, सत्कृत्यांसाठींच आपणांस ख्रिस्तामध्यें घडविलें आहे. आंब्यास फळें येतात तीं झाड जिवंत आहे म्हणून. वाळलेल्या झाडास फळें टांगून तें कोणी जिवंत करूं शकत नाहीं.

जिचें नांव देणगीदारांच्या यादींत नाहीं अशी एखादी विधवा, पापाच्या लज्जेनें वर्षानुवर्षें कुमसारास न आलेला एखादा बंधु, आज मागच्या बांकावर बसला असेल. त्यांस माझें सांगणें इतकेंच : हें दार तुमच्यासाठींही उघडें आहे, आणि आम्हां सर्वांसाठीं तें ज्या कृपेनें उघडलें त्याच कृपेनें उघडें आहे.

बाळ येशूची संत तेरेजा १८९७ सालीं अवघ्या चोविसाव्या वर्षीं निवर्तली. पुण्याचा हिशेब न मांडतां रित्या हातांनीं देवापुढें उभें राहावें, हीच तिची आकांक्षा होती. आपणही आज तसेच वेदीपुढें उभे राहूं. हात रिते असले, तरच प्रभु ते भरील. आमेन.