काळ्यावरून उतरताना



‘माझे केस काही उन्हानं पांढरे झालेले नाहीत,’ असं आपण मोठ्या तोऱ्यात म्हणतो. म्हणजे पांढऱ्या केसांना आपल्याकडे मान आहे. पण तो बोलण्यापुरता! भांगात चार केस पांढरे दिसले की आपण आरशाजवळचा दिवा लावून बघतो, आणि महिन्याच्या वाणसामानाच्या यादीत साखर-पोह्यांच्या खाली हळूच एक शब्द लिहितो : कलप.

मी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये हिशेब लिहिते. १९९८ साली आमची महापालिका झाली. सांगली, मिरज आणि मग कुपवाड, असा नावात आमचा तिसरा नंबर. पण सकाळी कामावर जायच्या वेळेला आमच्या रस्त्यावर उभं राहिलं की तिन्ही गावांची डोकी बघायला मिळतात. पन्नाशीच्या पुढची काळीभोर डोकी किती असतात म्हणून सांगू! हेल्मेट काढलं की कानाजवळ पांढरी रेघ दिसते. कंत्राटी कामावर घेताना वय नजरेत भरू नये म्हणून कुणी मिशासुद्धा रंगवतात. यात हसण्यासारखं काही नाही. मीही त्यांच्यातलीच.

वयाच्या ३८व्या वर्षी, २००६ साली, मी पहिल्यांदा कलप लावला. पाण्यात कालवायची काळी पूड, एक फुटकी वाटी आणि जुना टूथब्रश. दर तिसऱ्या रविवारी हा कार्यक्रम. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. काळ्याभोर केसांच्या मुळाशी तेवढं पांढरं लगेच उठून दिसतं. म्हणून एकदा काळा रंग धरला की तो आपल्याला धरून ठेवतो. अशी पंधरा वर्षं गेली.

२०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत माझे यजमान गेले. पुढचे दोन-तीन महिने डोक्याकडे लक्षच गेलं नाही. मग कामावर परत जायचं ठरलं, तेव्हा पूड वाटीत काढली आणि वाटी हातात धरून तशीच उभी राहिले. मला आई आठवली.

माझे वडील १९८८ साली गेले, तेव्हा आई ४१ वर्षांची होती. कानशिलावरच्या पांढऱ्या केसांना ती कधीमधी कलप लावायची. वर्षश्राद्ध झाल्यावर एके दिवशी तिनं बाटली काढली. शेजारच्या एक काकू बसायला आल्या होत्या. स्वभावानं वाईट नव्हत्या. सहज म्हणाल्या, ‘आता कुणासाठी गं?’ आईनं बाटलीचं झाकण लावलं आणि ती फडताळात वर ठेवून दिली. पुन्हा काही ती खाली आली नाही. दोन-तीन वर्षांत आईचं डोकं पांढरं झालं आणि सगळ्यांना ते योग्यच वाटलं. मलाही वाटलं. आज तेच मला जास्त लागतं.

तर माझ्यापुढे दोन वाटा होत्या. कलप लावला तर ‘कुणासाठी?’ आणि सोडला तर ‘बिचारी खचली!’ दोन्हीकडे निकाल लोकांचा. खरं सांगायचं तर काळ्या रंगाचा मलाही कंटाळा आला होता. पण एकदम पांढरं व्हायची तयारी नव्हती. मग विचार केला, काळ्या आणि पांढऱ्याच्या मध्ये तपकिरी रंग आहे की! केस थोडे फिके केले तर पांढरी मुळं कमी दिसतील, आणि वाटलं तर पुढे सावकाश पांढऱ्यापर्यंत उतरता येईल. विचार बरोबर होता. करणी मात्र चुकली.

भाच्याच्या वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी मी फिक्या तपकिरी रंगाचं खोकं आणलं. खोक्यावरच्या बाईचे केस कसे मधासारखे होते! अर्धा तास लावून ठेवला आणि डोकं धुऊन आरशात बघितलं. मुळाशी दोन बोटं तांबूस केशरी, आणि त्याखाली शेवटापर्यंत होते तसेच काळे कुळकुळीत. दुसऱ्या दिवशी ऑफिसात एकानं विचारलंच, ‘मॅडम, सांगलीची हळद डोक्याला लावली की काय?’ मीही हसले. घरी येऊन मात्र रडले.

आमच्या गल्लीत पार्लर चालवणारी एक मुलगी आहे. तिनं डोकं बघितलं आणि एका वाक्यात सांगितलं, ‘काकू, रंगानं रंग उतरत नसतो.’ या एका वाक्यासाठी मी हे सगळं सांगते आहे. काळ्या साडीवर पिवळा रंग चढेल का? नाही. पांढऱ्या कापडावर चढेल. केसांचंही तसंच आहे.

केसावर बाहेरून कौलांसारखे एकावर एक बसलेले बारीक पापुद्रे असतात आणि आतल्या भागात मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य असतं. आपला केस काळा दिसतो तो त्यामुळे. वय वाढतं तशा मुळाशी हे द्रव्य तयार करणाऱ्या पेशी कमी होतात आणि केस रंगाविनाच उगवतो. खोक्यातल्या एका बाटलीत रंग आणि अमोनिया किंवा तशाच गुणाचं काही असतं. त्यानं पापुद्रे फुगून उघडतात. दुसऱ्या बाटलीत हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. ते दोन कामं करतं : केसातला मूळ काळेपणा थोडा खातं आणि नवा रंग आतल्या आत पक्का करतं.

काळा केस एकदम सोनेरी होत नाही. काळ्यावरून तांबडा, मग केशरी, मग पिवळा अशा पायऱ्यांनी तो फिका होतो. घरगुती खोक्यातल्या ताकदीनं तो एक-दोन पायऱ्या उतरतो आणि तांबड्या-केशरीत अडकतो. त्यातून टाळूच्या उबेनं मुळाशी काम लवकर होतं. म्हणून माझी नैसर्गिक काळी मुळं तांब्यासारखी झाली आणि पांढरे केस सोनेरी. आणि बाकीच्या लांबीवर पंधरा वर्षांचा जुना कलप बसलेला! त्याला नव्या तपकिरी रंगानं काहीच होणार नव्हतं. तो काढायचा तर ब्लीच लागतं. ब्लीचची पूड घरी वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यानं केस तुटतात, टाळू भाजते, आणि त्यातल्या परसल्फेटमुळे दम्याच्या माणसाला त्रास होऊ शकतो.

कुणी म्हणेल, मग आपली मेंदी काय वाईट? मुळीच वाईट नाही. पण मेंदीसुद्धा केस फिका करत नाही. तिच्या पानातला लॉसोन नावाचा तांबूस रंग केसावर चढतो. पांढऱ्यावर तो केशरी दिसतो, काळ्यावर नुसती झाक येते. लोखंडी कढईत भिजवायची आपली पद्धत आहे ती रंग जरा गडद यावा म्हणून. आणि एक लक्षात ठेवा, मेंदीच्या पानात काळा रंग नसतो. ‘काळी मेंदी’ म्हणून जी मिळते, तिच्यात बऱ्याचदा कलपाचंच रसायन असतं. पाकिटामागची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचा.

त्या रसायनाबद्दल थोडं सांगायला हवं. १९०७ साली युजीन श्युलर नावाच्या तरुण फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं केसांचा कृत्रिम रंग बनवून पॅरिसच्या केशकर्तनकारांना विकायला सुरुवात केली आणि या धंद्याला नवं वळण लागलं. आज टिकाऊ गडद रंगांत पॅरा-फेनिलीनडायअमाइन, थोडक्यात पीपीडी, हे द्रव्य सर्रास असतं. बहुतेकांना ते सोसतं. काहींना सोसत नाही, आणि ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

माझ्या धाकट्या जाऊबाई आठ-दहा वर्षं एकच कलप लावत होत्या. एका रात्री टाळूला खाज सुटली. सकाळी कपाळ सुजलं, दुपारपर्यंत दोन्ही डोळे मिटले. मिरजेला दवाखान्यात न्यावं लागलं. त्या पुन्हापुन्हा म्हणत होत्या, ‘पण मी नेहमीचाच लावला होता!’ डॉक्टरांनी सांगितलं, नेहमीचाच असला तरी शरीर कधी बिथरेल याचा नेम नाही. एकदा बिथरलं की जन्मभराचं वैर. पीपीडी असलेला रंग त्यांना आता कायमचा वर्ज्य आहे.

म्हणून तर कायद्यानंच कलपाच्या वेष्टनावर इशारा आणि चाचणीची सूचना छापायला लावली आहे, इंग्रजीत आणि स्थानिक भाषेतही. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला जागा स्वच्छ करून कालवलेला रंग थोडासा लावायचा, वाळू द्यायचा, चोवीस तासांनी धुवायचा. लाली, खाज, पुरळ काही नसेल तरच डोक्याला लावायचा. त्वचारोगतज्ज्ञ तर आणखी एक दिवस थांबा म्हणतात. आणि ही चाचणी दर वेळेला करायची, पहिल्यांदाच करून भागत नाही. भुवयांना आणि पापण्यांना कलप कधीही लावायचा नाही, डोळे जाण्याची भीती असते. हातमोजे वापरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१०च्या अहवालात घरी रंग लावणाऱ्यांबाबत ठाम निष्कर्ष काढता येत नाही असं म्हटलं. पण रोज याच कामात असणाऱ्या केशकर्तनकारांना धोका संभवतो असंही नोंदवलं. आपल्या सलूनवाल्या दादांना आणि पार्लरवाल्या ताईंना हे जरूर सांगा.

आता मी दुसऱ्यांदा काय केलं ते सांगते. आधी काळी पूड बंद केली आणि सहा महिने काहीच केलं नाही. केस खांद्याच्या वर कापून घेतले, त्यात निम्मा जुना कलप गेला. मग पार्लरच्या मुलीला विचारून फिका तपकिरी, राखाडी झाक असलेला रंग निवडला. बऱ्याच कंपन्यांच्या खोक्यावर आकडे असतात. पहिला आकडा गडदपणाचा, १ म्हणजे काळा, ४ म्हणजे तपकिरी, ५ म्हणजे फिका तपकिरी. टिंबानंतरचा आकडा झाक सांगतो, १ असला तर बहुधा राखाडी. केशरीपणा दाबायला ही राखाडी झाक उपयोगी पडते. पेरॉक्साइड सहा टक्क्यांच्या वर घेतलं नाही.

आधी कानामागे चाचणी. मग मागच्या बाजूची एक बट रंगवून बघितली, कारण आधी मेंदी किंवा दुसरा कलप लावलेला असेल तर रंग काय उठेल सांगता येत नाही. काही पुडींत धातूंचे क्षार असतात, त्यांचं आणि पेरॉक्साइडचं जमत नाही. बट चांगली निघाली, तेव्हा फक्त वाढलेल्या मुळांना रंग लावला, घड्याळ लावून. खालच्या काळ्या टोकांना हात लावला नाही. ती पुढच्या दोन कापण्यांत गेली. आमच्याकडे बोअरचं पाणी क्षाराचं आहे, त्यानं केस राठ होतात, म्हणून शेवटचं पाणी नळाचं घेतलं.

आता माझे पांढरे केस फिके तपकिरी दिसतात आणि उरलेले काळे गडद तपकिरी. दोन्ही एकमेकांत मिसळून जातात. मुळं वाढली तरी रेघ दिसत नाही. तीन आठवड्यांचे तीन महिने झाले. दर वेळी रंग किंचित फिका घेते. कधीतरी एक दिवस घेणारही नाही. तो दिवस मी ठरवीन.

एक अडचण राहते. डोक्याची मागची बाजू स्वतःला दिसत नाही. त्यासाठी कुणीतरी लागतं. आमच्या घरी ते काम आई करते. ती आता ७८ वर्षांची आहे. चष्मा नाकावर ओढून, एकेक भांग पाडत, अगदी मन लावून लावते. गेल्या वेळी लावून झाल्यावर वाटीत थोडा रंग उरला. आईनं वाटी तिरकी करून बघितली.

‘वाया जाईल गं हा,’ ती म्हणाली.

मी सांगितलं, कालवलेला रंग ठेवता येत नाही. बाटलीत घालून झाकण लावलं तर बाटली फुगून फुटूही शकते. टाकूनच द्यायचा. ती काही बोलली नाही. वाटी घेऊन मोरीपर्यंत गेली आणि तिथूनच म्हणाली, ‘ते कानामागं लावून बघायचं असतं ना, ते किती वेळ ठेवायचं?’

‘चोवीस तास, आई.’

‘मग पुढच्या वेळी माझंही आदल्या दिवशी लाव.’

कुणासाठी, असं मी विचारलं नाही.