माळावरचे वाटेकरी



ओसाड दिसणारा माळ हा निसर्गविज्ञानाचा उघडा ग्रंथच होय. कर्जत तालुक्यातील रेहेकुरीचा माळ १९८० साली काळविटांचे अभयारण्य झाला. काळवीट मुख्यत्वे गवत खाते. कोरड्या दिवसांत शेंगा व पाला यांचाही त्यास आधार होतो. चिंकारा मात्र पाला, कोवळे शेंडे व फळे अधिक पसंत करतो. शेळीचीही ओढ पाल्याकडेच. मागील पायांवर उभी राहून ती उंच फांदीही ओरबाडते. म्हणजे शेळीचा जवळचा वाटेकरी काळविटापेक्षा चिंकारा होय. तथापि उन्हाळ्यात चारा आटला, की तिघांचीही तोंडे त्याच बोरी-बाभळींकडे वळतात.

यावरून शेळीस दोष देऊ नये. ती गरिबाची गाय आहे. माळास विसावा न देता तोच तो भाग वर्षभर चारणे, हा खरा दोष.

एका शाळेत, शेळ्यांमागे जातो म्हणून गैरहजर राहणारा मुलगा शिक्षेसाठी उभा केलेला मी पाहिला. मी विचारताच त्याने शेळ्या खातात त्या चौदा झुडपांची नावे सांगितली. त्यांतील पाच मला ठाऊक नव्हती. अशा मुलास कोपऱ्यात नव्हे, फळ्याजवळ उभे करा. त्याच्याकडून ऋतुवार चाऱ्याचा तक्ता लिहवून घ्या. ज्या दिवशी शाळा त्याचे ज्ञान मोलाचे मानील, त्या दिवशी तो शाळा आपली मानील.