मानवशास्त्राचा अभ्यास आणि आपली मुले
(कुडवा येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आताच झाला. त्यांच्यापैकी कोणी बी. ए. ला मानवशास्त्र हा मुख्य विषय घेतो म्हटले, की घरात पहिला प्रश्न निघतो तो पोटापाण्याचा. तो गैर नाही. धानाच्या पिकावर मुलांना शिकविणाऱ्या बापाने तो विचारलाच पाहिजे. म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेस हा वैकल्पिक विषय आहे. भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षणाचे एक प्रादेशिक केंद्र नागपुरातच आहे. पुणे विद्यापीठात व मध्य प्रदेशातील सागर विद्यापीठात या शास्त्राचे विभाग आहेत. तथापि पदवी मिळताच नोकरी चालून येईल, असे मी सांगणार नाही.

परंतु मला बोलावयाचे आहे ते निराळ्याच गोष्टीविषयी. माणसाचा देह, त्याचे नातेगोते, बोली व चालीरीती यांचा अभ्यास म्हणजे मानवशास्त्र. ते शिकणारी मुलगी उद्या आपल्याच ओसरीवर बसून आपल्याच कुळाविषयी प्रश्न विचारील. ते आपणांस सोसेल काय?

१९१६ साली रसेल व रायबहादुर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातिजमातींवरील चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात वैनगंगेच्या खोऱ्यातील आपल्या पोवारांचेही वर्णन आहे. आपले वाडवडील तेथे वर्णनाचा विषय झाले, लेखक झाले नाहीत. आणि आपण? त्यातील गौरवाची वाक्ये तेवढी वेचून घेतो, अडचणीची सोडून देतो!

त्याच वर्षी, ९ मे रोजी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या अभ्यासवर्गात एका महाराष्ट्रीय विद्यार्थ्याने भारतातील जातींवर निबंध वाचला. ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. जात टिकते ती जातीतच सोयरीक करण्याच्या निर्बंधाने, हे त्या निबंधाचे सार होय. वधू-वर परिचय मेळावे भरविणाऱ्या मंडळाच्या व्यासपीठावरून हे सांगणे काहींना विचित्र वाटेल. परंतु या विषयाच्या विद्यार्थ्यास हा निबंध वाचावाच लागेल, आणि वाचून तो घरी येईल.

इरावतीबाई कर्वे यांचे उदाहरण मला या बाबतीत फार मोलाचे वाटते. त्या बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली डॉक्टरेटसाठी संशोधन करीत होत्या. युरोपीय माणसाची कवटी डाव्या-उजव्या बाजूंस विशेष असमान असते व त्यातच त्याच्या बुद्धीचे श्रेष्ठत्व आहे, अशी गुरूंची धारणा. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. वंशागणिक तसा भेद त्यांना आढळला नाही, आणि तसेच त्यांनी लिहिले. परक्या देशात, पदवी ज्याच्या हाती त्या गुरूच्या मताविरुद्ध! पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात राहून त्यांनी महाराष्ट्रातील नाना ज्ञातींचा अभ्यास केला, आणि जात म्हणजे आपसांत सोयरीक करणारा विस्तारलेला आप्तसमूह होय, असे प्रतिपादन केले. रक्ताच्या उच्चनीचतेला त्यात आधार नाही.

आपल्या पोरीने उद्या असेच काही लिहिले तर? आपण धारहून आलो, ही आपली परंपरा. ती कितपत खरी, वाटेत कोण येऊन मिळाले, आपल्या रूढींत शेजारच्या गोंडांचे किती आहे, हे तिला शोधू द्यावे लागेल. उत्तर आधीच ठरवून तिला शाळेत धाडावयाचे असेल, तर मग हा विषय तिला घेऊच देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक विनंती करून रजा घेतो. ज्यांच्या घरी भाटांच्या वंशावळ्या किंवा मालगुजारीच्या काळचे कागद असतील, त्यांनी ते या मुलांना पाहू द्यावेत. आणि पोवारीत लग्नगीते म्हणणारी आजी ज्या घरी हयात आहे, तेथे या दिवाळीच्या सुटीत वही घेऊन आलेल्या मुलाला कृपया दारातून परत पाठवू नये.