मिक्सर केवढ्या ताकदीचा घ्यावा?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



ह्या विषयावर बोलायला मला उभे केले, ते माझ्या शहाणपणासाठी नव्हे, फजितीसाठी! ती मीच सांगितलेली बरी, म्हणजे आपणांपैकी कोणाचे तरी पैसे वाचतील.

आमच्या सासूबाईंचा उजवा खांदा पाट्यावरवंट्याने कायमचा दुखावला आहे. घरात मिक्सर होता, पण सुके खोबरे आणि तीळ घातले की तो तापायचा, आणि सासूबाई मुकाट्याने पाट्यापाशी जाऊन बसायच्या. ते मला पाहवेना. म्हणून गेल्या दिवाळीपूर्वी मी तापकीर गल्लीत गेले आणि दुकानातला सर्वांत ताकदवान मिक्सर उचलून आणला. हॉटेलात असतो तसा, १४०० वॅटचा. म्हटले, आता ह्या घरात कोणी वाटायला बसणार नाही.

पहिल्याच दिवशी लसणाची चटणी करायला घेतली. भांडे दोन लिटरांहून मोठे, आणि आत मूठभर खोबरे नि दहा पाकळ्या. पाते गरगर फिरले, आणि चटणी सगळी उडून भांड्याच्या अंगाला चिकटली. आवाज असा, की शेजारच्या वहिनी घरात काय काम काढले म्हणून विचारायला आल्या. पण खरी गोष्ट पुढेच आहे. ते भरलेले भांडे सासूबाईंना एका हाताने उचलेना. आठ दिवसांनी पाहते तो त्या पुन्हा पाट्यापाशी! ज्यांच्यासाठी यंत्र आणले त्यांनाच ते चालवता येईना, तर ती ताकद काय कामाची?

ताकद नकोच, असे मात्र मी म्हणत नाही. १९६० च्या दशकातली मुंबईची एक हकीगत आहे. माधुरी माथूर ह्यांचा परदेशी बनावटीचा मिक्सर आपल्याकडचे मसाले नि वाटण करताना जळला. तिकडची यंत्रे तिकडच्या स्वयंपाकासाठी. भिजवलेली डाळ आणि सुके खोबरे त्यांना कुठले माहीत? त्यांचे यजमान सत्यप्रकाश माथूर हे इंजिनियर. त्यांनी आपल्या वाटणाला पुरेल अशी दणकट मोटर बसवून नवा मिक्सर तयार केला. तोच पुढे घरोघरी गेलेला ‘सुमीत’. तेव्हा आपल्या स्वयंपाकाला जोर लागतो हे खरेच. प्रश्न एवढाच, की केवढा, आणि किती वेळ?

पहिली गोष्ट वॅटची. वॅट म्हणजे मोटर किती वीज ओढते त्याचा आकडा. पात्यापाशी किती जोर पोहोचतो, हे त्यावरून पुरते कळत नाही. चार-सहा माणसांच्या घरात ओले वाटण, दाण्याचे कूट, थोडा गोडा मसाला एवढ्याला ५०० ते ७५० वॅट पुरतात.

दुसरी गोष्ट वेळेची. घरगुती नि हॉटेलच्या मिक्सरांत खरा फरक इथे आहे. घरगुती मिक्सर थोडा वेळ चालावा आणि मग निवावा, अशा बेताने केलेला असतो. पाच मिनिटे चालवून दोन मिनिटे थांबवा, अशा सूचना त्याच्या पुस्तिकेत असतात, त्या वाचाव्यात. हॉटेलचा मिक्सर दिवसभराच्या कामासाठी असतो. आपले एकूण काम दहा मिनिटांचे, त्याला दिवसभराचे यंत्र कशाला?

तिसरी गोष्ट भांड्यांची. चटणीचे लहान भांडे नसेल, तर तो मिक्सर आपल्या घरचा नव्हे. पाते नीट चालायला निदान ते बुडेल इतका जिन्नस लागतो. आणि दुकानातच भांड्यात पाणी भरून, घरातल्या सर्वांत अशक्त हाताला ते उचलते का आणि झाकण लावता येते का, ते पाहा.

चौथी गोष्ट भिंतीतल्या सॉकेटची. १४०० ला २३० ने भागा. सहा अँपिअरच्या वर उत्तर येते. आपल्या जुन्या घरांतले लहान सॉकेट सहाचेच असते. माझा प्लग हाताला चटका बसेल इतका तापला, तेव्हा वायरमनने हा हिशेब मला शिकवला. अशा यंत्राला सोळा अँपिअरचे सॉकेट आणि तशीच जाड वायर हवी.

पाचवी गोष्ट दुरुस्तीची. कार्बन ब्रश, खालचा कपलर, पाती हे झिजणारे भाग. ते जवळपास मिळतात का, हे आधी विचारावे. आयएसआयची खूण पाहावी. मिक्सर मध्येच बंद पडला तर घाबरू नये. पुष्कळ यंत्रांना बुडाशी एक लाल बटण असते. बोजा जास्त झाला की ते सुटते. प्लग काढावा, जिन्नस कमी करावा, मोटर निवू द्यावी आणि मग ते दाबावे.

आता ज्या भगिनी मागणीप्रमाणे मसाले नि चटण्या करून देतात, त्यांना माझे सांगणे नेमके उलटे आहे. त्यांनी घरगुती मिक्सरवर धंदा चालवू नये. ऐन दिवाळीच्या तोंडावर तो जळला, तर कमाई बुडते. आणि घरगुती मिक्सरची हमी धंद्याच्या वापराला बहुधा लागू नसते. त्यांनी मोठा मिक्सर जरूर घ्यावा, आणि घरातल्यांनी ‘एवढा कशाला?’ म्हणू नये.

माझा तो मिक्सर मी अशाच एका भगिनीला कमी किमतीत दिला. तो आता सकाळपासून राबतो आहे. मी ७५० वॅटचा, तीन भांड्यांचा घेतला. परवा सासूबाईंनी त्यात आपल्या हाताने लसणाची चटणी केली. पाटा मी भिंतीला उभा करून ठेवला आहे.