संगणकापुढची खुर्ची

(कोल्हापुरातील शिक्षिकांच्या बैठकीत केलेले भाषण)



१९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. शिक्षण घरच्यांच्या मर्जीवर सोडले नाही.

संगणकाचे शिक्षण मात्र आज त्या मर्जीवरच चालले आहे. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भारतातल्या शंभरापैकी जेमतेम साडेचार घरांत संगणक आढळला. घरात मोबाइल असला तरी तो आधी भावाच्या हातात. क्लासची फी भरायची तर मुलाची. मुलगी त्या वेळी भाकरी थापत असते. मग तिच्यासाठी उरते ती शाळाच.

शाळेत काय होते ते आपण रोज पाहतो. एका संगणकापाशी चौघे. माउस मुलाकडे, मुलगी वहीत उतरवून घेते. लेखी परीक्षेत तिला चांगले मार्क पडतात आणि आपण खूश होतो. पण प्रोग्रॅम का अडला हे शोधून तो पुन्हा चालवण्याची संधी तिला मिळालीच नाही. खरे शिक्षण तर तेच.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंग आहे. तेव्हा आपण मागणी करू या : संगणकाचा तास शाळेच्या वेळेतच हवा, त्याला वेगळी फी नको, शिकवणे मराठीतून हवे. अंध मुलींसाठी पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर फुकट मिळते, ते बसवायला हवे.

एक काम मात्र आपल्याच हातात आहे. खुर्चीवर बसण्याच्या पाळ्या लावा आणि यादी भिंतीवर चिकटवा. उद्यापासून.