एका पालकाचे घर : श्रमाचा आणि शक्तीचा ताळेबंद



कुटुंबाच्या अर्थव्यवस्थेचा विचार करताना आपल्यासमोर प्रामुख्याने उत्पन्न आणि खर्च या दोन बाबी येतात. परंतु ज्या घराचा संपूर्ण भार एकाच पालकावर असतो, त्या घरात पैशाइतकीच, किंबहुना त्याहूनही अधिक, टंचाई असते ती वेळेची आणि शारीरिक शक्तीची. वैधव्य, घटस्फोट, पतीने केलेला त्याग अशा विविध कारणांनी एकट्याने मुले वाढविणाऱ्या स्त्रियांची संख्या आपल्या देशात लहान नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या महिलाविषयक संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार भारतातील सुमारे ४.५ टक्के, म्हणजे जवळपास १.३ कोटी कुटुंबे केवळ एकल मातांच्या आधारावर उभी आहेत. माहेरी वा सासरी एकत्र कुटुंबात राहणाऱ्या एकल माता याहून वेगळ्या. पत्नीच्या पश्चात मुलांचा सांभाळ करणारे पुरुषही समाजात आहेत. या घरांचे व्यवस्थापन हा म्हणूनच केवळ खाजगी प्रश्न नसून विकासाचा प्रश्न आहे.

वेळेचे अंदाजपत्रक

घरकाम मोजले जात नाही, म्हणून ते दिसत नाही. हे काम मोजण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९९८-९९ मध्ये सहा राज्यांतील वेळ-वापर पाहणीद्वारे झाला. त्यानंतर २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये राष्ट्रीय पातळीवर अशी पाहणी झाली. २०२४ च्या पाहणीनुसार घरकाम करणारी स्त्री त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देते, तर घरकाम करणारा पुरुष ८८ मिनिटे. कुटुंबीयांच्या देखभालीसाठी, ते काम करणाऱ्या स्त्रिया सरासरी १३७ मिनिटे देतात.

ही सरासरी एका नोकरदार एकल मातेच्या दिवसाला लावून पाहावी. नोकरीचे आठ तास, जाण्यायेण्याचा दीड तास, घरकामाचे पावणेपाच तास, मुलांच्या देखभालीचे सव्वादोन तास आणि झोपेचे सात तास धरल्यास बेरीज साडेतेवीस तासांची होते. स्नान, जेवण, बँकेतील काम, शाळेतील पालकसभा, मुलाचे आजारपण आणि स्वतःची विश्रांती या सर्वांसाठी उरतो तो अर्धा तास. हे अंदाजपत्रक तुटीचे आहे, आणि ही तूट बहुधा एकाच ठिकाणाहून भरून काढली जाते : मातेच्या झोपेतून आणि तिच्या ताटातून.

शक्ती वाचविणारे घरकाम

सर्व कामे पूर्वीप्रमाणेच, केवळ अधिक वेगाने करणे हा या तुटीवरील उपाय नव्हे. कोणते काम रोज आवश्यक आहे, कोणते आठवड्यातून एकदा पुरेसे आहे आणि कोणते सोडून दिले तरी चालेल, अशी कामांची विभागणी हा खरा उपाय होय. रोजचा स्वयंपाक, पाणी आणि स्वच्छता टाळता येत नाही. परंतु दाण्याचे कूट, सुकी चटणी, भाजणी, मसाला यांची तयारी सुटीच्या दिवशी एकदाच होऊ शकते. रात्री कडधान्य भिजत घातले की सकाळी इंधन आणि वेळ दोन्ही वाचतात. कुकरमध्ये वरण, भात आणि भाजी एकाच वेळी शिजते. घरात घालावयाच्या कपड्यांना इस्त्री नसली, तरी कोणाचेही काही अडत नाही.

दुसरे तत्त्व असे की, कष्टाचे काम शक्ती अधिक असलेल्या वेळी करावे. दिवसभर उभे राहून काम करणाऱ्या स्त्रीने संध्याकाळी निवडणे, चिरणे, घड्या घालणे ही बैठी कामे ठेवावीत. धुणे व साफसफाई सकाळी अथवा सुटीच्या दिवशी. आले-गेल्यांसमोर घर आरशासारखे असावे, ही अपेक्षा दोन प्रौढ व्यक्तींच्या घरातून आलेली आहे. एका व्यक्तीच्या घराने ती निःसंकोचपणे बाजूला ठेवावी.

मुलांचा सहभाग

एका पालकाच्या घरात मुलांनी हातभार लावणे स्वाभाविक आहे. स्वतःचे ताट उचलणे, अंथरूण घालणे, पाण्याच्या बाटल्या भरणे ही कामे सात-आठ वर्षांचे मूल सहज करू शकते. मात्र येथे एक धोका संभवतो. बहुतेक घरांत हा भार नकळत थोरल्या मुलीवर जातो. ती धाकट्या भावंडांची दुसरी आई बनते आणि तिचा अभ्यास, प्रसंगी तिची शाळाही मागे पडते. एका पिढीच्या वेळेची तूट अशा रीतीने पुढच्या पिढीच्या शिक्षणातून भरून निघते. बालमजुरीविरोधी कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनेही मुलांनी कुटुंबाला करावयाची मदत शाळेच्या वेळेबाहेर आणि शिक्षणाला बाधा न आणणारी असावी, अशी अट घातली. घरकामाची वाटणी करताना हीच कसोटी लावावी आणि ती मुलगा व मुलगी दोघांनाही समान असावी. आज भांडी घासणारा मुलगा उद्याच्या घरातील ती ८८ मिनिटे वाढवील.

पालकाचे आरोग्य

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तक्षय असलेल्या स्त्रीला जाणवणारा थकवा हा आळस नव्हे. त्याची तपासणी व उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रात होऊ शकतात. सर्वांत शेवटी, उरलेसुरले खाण्याची प्रथा सोडून मातेने मुलांबरोबरच जेवावे. पालेभाज्या, कडधान्ये यांच्यासोबत लिंबू वा आवळा घेतल्यास लोह अधिक शोषले जाते; जेवणाला लागून चहा घेतल्यास ते कमी शोषले जाते. ज्या घरात दुसरा कमावता हात नाही, तेथे मातेचे अंथरुणाला खिळणे म्हणजे संपूर्ण घर थांबणे होय. तिची झोप आणि तिचे जेवण हा घरखर्चातील चैनीचा नव्हे, तर भांडवली खर्च आहे.

सामाजिक आधार

तथापि, कितीही काटकसर केली तरी चोवीस तासांचे पंचवीस होत नाहीत. उरलेली तूट समाजाने आणि शासनाने भरून काढली पाहिजे. १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामाच्या जागेवर मजूर स्त्रियांच्या मुलांसाठी पाळणाघर सुरू केले, त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली. २००६ मध्ये राष्ट्रीय पाळणाघर योजना आली आणि २०२२ पासून ती ‘मिशन शक्ती’अंतर्गत ‘पालना’ या नावाने राबविली जाऊ लागली. ग्रामीण भागात २०१९ मध्ये ३.२३ कोटी घरांत नळाने पाणी येत होते. २०२५ पर्यंत ही संख्या १५ कोटींच्या पुढे गेली. दारातील नळ हा एकल मातेसाठी हंड्याखाली जाणारा वेळ परत देणारा असतो. विधवा, घटस्फोटित व परित्यक्ता मातांच्या मुलांना ‘मिशन वात्सल्य’अंतर्गत उत्पन्नमर्यादेच्या अटीवर दरमहा ४,००० रुपयांच्या प्रायोजकत्वाची तरतूद करण्यात आली, त्याची माहिती जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे मिळते. केंद्र सरकारी सेवेतील स्त्रियांना २००८ पासून मिळणारी ७३० दिवसांची बालसंगोपन रजा २०१८ मध्ये एकल पुरुष पालकांनाही लागू झाली, ही बाब विशेष स्वागतार्ह आहे. मुलांचे संगोपन हे केवळ स्त्रीचे काम नव्हे, हे त्यातून शासनाने मान्य केले.

तरीही असंघटित क्षेत्रातील मोलकरीण, शेतमजूर वा फेरीवाली अशा रजेपासून दूरच आहे. तिच्यासाठी शेजारधर्म आणि बचतगट हाच जवळचा आधार ठरतो. गटातील चौघींनी आळीपाळीने मुलांना शाळेतून आणले, तर प्रत्येकीच्या चार फेऱ्यांपैकी तीन वाचतात. ज्या गटांनी पैशाची बचत यशस्वी करून दाखविली, त्यांना वेळेची बचतही अवघड नाही.

एकल पालकाच्या धीराचे कौतुक समाज नेहमीच करतो. परंतु कौतुकाने सकाळचे पाणी भरले जात नाही. तिच्या अर्ध्या तासाचा एक तास कसा होईल, याचा विचार प्रत्येक ग्रामसभेने, प्रत्येक कचेरीने आणि प्रत्येक शेजाऱ्याने केला, तर तिच्या घरातील मुले उद्या देशाच्या विकासात अधिक सबळपणे उभी राहतील.